तिखट, मीठ आणि निंबू

आमच्या सिंदेवाहीकडे लिंबाला निंबू म्हणतात, पेरूला जाम, कोथिंबिरीला सांबार आणि विलायती चिंचेला चिचबिलाई. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे चार शब्द आधीच लक्षात ठेवावेत, म्हणजे मध्येच थांबून "हे काय हो बाई?" असं विचारायची पाळी येणार नाही. (नातवंडांनाही हीच सूचना.)

विषय सुचला तो एका बाटलीवरून. माझी नात टेक्सासला असते. मागच्या खेपेला येताना तिने लाल पुडीची एक बाटली आणली. नाव ताजीन. "आजी, तिकडे हे सगळ्यावर टाकतात. आंब्यावर, काकडीवर, टरबुजावर, मक्यावर, सरबताच्या ग्लासाच्या कडेलासुद्धा लावतात." चिमूटभर जिभेवर ठेवून बघितलं. तिखट, मीठ आणि निंबाचा आंबटपणा. चव आपल्या ओळखीची, फक्त जरा सौम्य.

चौकशी केली तेव्हा कळलं की ही पूड मेक्सिकोची. १९८५ साली तिथल्या ग्वादालाहारा शहराच्या परिसरात एका कुटुंबाने हा धंदा सुरू केला. सुक्या मिरच्यांची पूड, समुद्री मीठ आणि वाळवलेला लिंबूरस, एवढंच मुख्य साहित्य. नाव घेतलं ते व्हेराक्रूझ प्रांतातल्या एल ताजीन या प्राचीन नगरीच्या अवशेषांवरून. १९९३ पासून माल अमेरिकेत जाऊ लागला आणि आता जगभर जातो. गंमत म्हणजे बाटलीवर 'ही मिठाई नव्हे' अशा अर्थाची सूचना छापलेली असायची. मुलं नुसतीच पूड चाटून खात असणार, त्याशिवाय अशी सूचना कोण छापील! मुलं सगळीकडे सारखीच. आमच्या वर्गातल्या मुलांच्या कंपासपेटीतसुद्धा कर्कटकाच्या शेजारी कागदाची एक पुडी असायची. गणिताच्या तासाला मान खाली घालून कोण काय चाटतंय हे न बघताही कळायचं. आंबट लागलं की चेहरा लपत नाही.

मी पस्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. त्यामुळे एखादी वस्तू हातात आली की ती कुठून आली हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून म्हटलं, आज बाटली बाजूला ठेवू आणि आपल्याकडच्या टोपलीचा इतिहास बघू.

ही टोपली म्हणजे शाळेच्या फाटकासमोर बसणाऱ्या म्हातारीची. अशी एक म्हातारी महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेसमोर बसलेली असते, किंवा निदान आमच्या काळी बसलेली असे. टोपलीत ऋतूप्रमाणे माल. पावसाळ्यात भाजलेले भुट्टे, दिवाळीनंतर उकडलेले शिंगाडे, हिवाळ्यात जाम, आवळे, बोरं, चिंच, उन्हाळा लागता लागता चिचबिलाई आणि कैऱ्या. शेजारी डब्यात तिखट-मीठ. भुट्ट्यासाठी निंबाची अर्धी फोड. ती फोड तिखट-मिठात बुडवायची आणि भुट्ट्यावरून खसाखसा घासायची. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटकं होतात. तिथेही हीच टोपली, फक्त जरा मोठी.

आता या टोपलीतल्या मंडळींची हजेरी घेऊ या.

भुट्टा : मूळ गाव मेक्सिको. तिथल्या लोकांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतापासून मका तयार केला. (कर्नाटकातल्या होयसळ मंदिरांतल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत, म्हणजे मका आपल्याकडे आधीपासून होता, असं काही संशोधकांनी मांडलं होतं. बहुतेक अभ्यासकांना ते पटलेलं नाही.)

जाम, म्हणजे पेरू : अमेरिका खंडाचा उष्ण भाग. 

चिचबिलाई : हीसुद्धा मेक्सिकोकडची. तिकडे तिला ग्वामुचिल म्हणतात. स्पॅनिश लोकांनी ती फिलिपाईन्सला नेली, म्हणून इंग्रजीत ती 'मनिलाची चिंच' झाली. आपल्याकडे आली ती 'विलायती' होऊन. आता आमच्या बांधाबांधावर अशी काही उभी आहे की हिला कोणी बाहेरची म्हणणार नाही.

चिंच : मूळची आफ्रिकेची. पण हजारो वर्षांपूर्वी आली. अरबांनी तर तिला 'तमर-ए-हिंद', म्हणजे हिंदचा खजूर, असंच नाव देऊन टाकलं.

कैरी, आवळा, बोर, शिंगाडा : ही घरचीच मंडळी.

निंबू : ईशान्य भारत ते आग्नेय आशिया या पट्ट्यातलं. म्हणजे आपल्या अंगणातलंच म्हणायला हरकत नाही.

आणि मिरची : मेक्सिको.

म्हणजे बघा, आमच्या म्हातारीच्या टोपलीत अर्धा मेक्सिको बसलेला होता. तिला ते माहीत नव्हतं आणि तिचं त्यावाचून काही अडलंही नाही.

मिरचीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण 'मिरचीशिवाय आपला स्वयंपाकच नाही' असं मानणाऱ्यांत आम्ही वैदर्भीय सगळ्यात पुढे. सावजी रस्सा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचं आणि वर हसून सांगायचं, ही आमची रीत. पण १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर पोचला त्याआधी भारतात कोणीही मिरची खाल्लेली नाही. तो निघाला होता काळ्या मिऱ्यांच्या शोधात, त्याला सापडली मिरची. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्याच जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. मुंबईकडे पूर्वी तिला 'गोवाई मिरची' म्हणत. ती कुठून आली याची खूणच ही.

त्याआधी तिखटपणासाठी काय होतं? मिरे, पिंपळी, आलं, मोहरी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या भोजनाचं मोठं प्रकरण आहे. मांडे आहेत, वडे आहेत, मांसाचे प्रकार आहेत. फोडणीला हिंग-जिरे आहेत, मिरे आहेत. मिरची नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'ऐन-ए-अकबरी'त बादशहाच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांचं साहित्य वजनासकट दिलं आहे. तिथेही मिरेच, मिरची नाही. आणि आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर, ज्या गोंड राजांनी पंधराव्या शतकात चंद्रपूरच्या कोटाची आखणी केली, त्यांच्याही ताटात मिरची नव्हती. त्यांचा ठेचा कसला असेल, याचा मी कधी कधी विचार करते!

नावाची गोष्टही मजेची आहे. नवीन पाहुणी आली तेव्हा लोकांनी तिला नवीन नाव दिलं नाही. संस्कृतात 'मरिच' म्हणजे मिरे, त्यावरूनच मिरी, मिरे आणि मिरची. मिऱ्यासारखी तिखट म्हणून मिरची. शेजारच्या तेलुगूतही 'मिरपकाय' मिऱ्याच्याच शब्दाशी जोडलेला. पाहुणीला घरच्या माणसाचं आडनाव मिळालं आणि दोन-तीनशे वर्षांत तिनं घरच ताब्यात घेतलं. मिरे विकत आणावे लागत, तेही दक्षिणेच्या किनाऱ्याकडून. मिरची परसात, सांडपाण्यावर येते. गरिबाला परवडणारा तिखटपणा तिनं दिला, हे तिच्या यशाचं खरं कारण.

आणखी एक. दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची टांगतात. मधे एखादा बिब्बा. विचारलं तर सांगतात, "पूर्वापार चालत आलं आहे." बिब्बा आणि निंबू जुने असतील, पण त्या दोऱ्यातल्या मिरच्या मात्र चार-पाचशे वर्षांपलीकडच्या असणं शक्य नाही. मी हे कोणाची श्रद्धा मोडायला सांगत नाही. 'पूर्वापार' हा शब्द आपण किती सहज वापरतो ते लक्षात यावं, एवढ्यासाठी सांगते. आपलं काय आणि परकं काय यावरून आजकाल फार जोरात भांडणं होतात. भांडणाऱ्यांच्या ताटात मिरची असते, बटाटा असतो, टमाटा असतो. ही तिन्ही मंडळी समुद्रापलीकडून आलेली.

आता निंबाचा प्रवास बघा, तो बरोबर उलट्या दिशेचा. आपल्याकडून तो इराण-अरबस्तानात गेला. आपला निंबू, फारसीतला लीमू, स्पॅनिशमधला लिमोन ही सगळी एकाच कुळातली नावं. अरबांनी तो भूमध्य समुद्राच्या काठावर रुजवला. १४९३ मध्ये कोलंबस दुसऱ्या सफरीला निघाला तेव्हा त्याने वाटेतल्या कॅनरी बेटांवरून लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फळांचं बियाणं बरोबर घेतलं. तिथून हे कुळ अमेरिकेत पसरलं. आज भारत आणि मेक्सिको हे दोन्ही देश जगात लिंबू पिकवण्यात पहिल्या रांगेत आहेत. आंबा आणि चिंचही मेक्सिकोत गेली. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला ते अकापुल्को अशी स्पॅनिश जहाजं चालत होती, तो या देवाणघेवाणीचा मोठा रस्ता. तिकडच्या आंब्याच्या एका जातीला अजून 'मनिला'च म्हणतात.

म्हणजे झालं असं, की त्यांची मिरची आणि मका आपल्याकडे आला, आपला निंबू आणि आंबा त्यांच्याकडे गेला. दोन्हीकडच्या बायका-पोरांनी एकमेकांना न विचारता, न भेटता, एकच गोष्ट केली. मक्यावर निंबू पिळला, आंब्यावर तिखट-मीठ टाकलं. मेक्सिकोतल्या रस्त्यावर काठीला खोचलेलं कणीस मिळतं, त्यालाही निंबू आणि तिखट. नातीने फोटो दाखवला तेव्हा गाडी सोडून बाकी सगळं नागभीडच्या बसस्टँडवरचं वाटलं मला.

राहिलं मीठ. ते सगळ्यांचंच, असं आपण म्हणतो. पण या तिघांत आमच्या मुलखात सगळ्यात महाग होतं ते मीठच. झाडीपट्टीपासून समुद्र दोन्हीकडे शेकडो मैल. आगगाडी येण्याआधी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून किनाऱ्याकडून आत येत आणि जाताना धान्य आणि रानातला माल घेऊन जात. पलीकडे बस्तरात तर चारोळीच्या बदल्यात मीठ अशी अदलाबदल आठवडी बाजारात फार काळ चालली. आज बाजारात चारोळीचा भाव विचारा आणि मिठाचा विचारा, म्हणजे रानातल्या माणसाच्या पदरात काय पडत होतं ते कळेल.

मिठावर इंग्रजांचा कर होता आणि १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला तो मोडला, हे प्रत्येक मुलाला पाठ असतं. पण "बाई, आपल्याकडे समुद्र नाही, मग आपल्याकडच्या लोकांनी काय केलं?" हा प्रश्न चांगल्या मुलाने विचारायचाच. उत्तर असं, की अकोला जिल्ह्यात दहीहंडा इथे विहिरींचं पाणी खारं आहे, तिथे त्या पाण्यापासून मीठ करून सत्याग्रह झाला. आणि त्याच वर्षी जुलैत लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला जंगल सत्याग्रह सुरू झाला. समुद्र नव्हता, पण रान होतं, आणि रानावरही इंग्रजांचा कायदा होताच.

आता थोडं विज्ञान. तिखट, मीठ आणि आंबट एकत्र का चांगले लागतात? मिरचीतल्या कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे जीभ भाजल्यासारखी वाटते. खरं म्हणजे तिखट ही चवच नाही, तो एक प्रकारचा दाह आहे. शरीरात उष्णतेची जाणीव करून देणारा जो ग्राहक असतो, त्यालाच कॅप्सेसिन जाऊन चिकटतं आणि मेंदूला वाटतं, चटका बसला. हे शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर. पक्ष्यांना हा दाह होत नाही, म्हणून पोपट मिरच्या मजेत खातो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि दुधा-ताकात बरं विरघळतं. म्हणून तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही, दही खावं.

आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, मिठाने बाकीच्या चवी उजळतात, आणि कच्च्या कैरीचा किंवा जामाचा तुरटपणा मागे पडतो. शिवाय दोघांतही क जीवनसत्त्व भरपूर. हंगेरीच्या सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञाने ते मोठ्या प्रमाणात मिळवलं ते लाल मिरचीतूनच, आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

उन्हाळ्यात तर हे तीन पदार्थ आमच्या जिवाचे सोबती. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं मे महिन्यात रोज बातम्यांत असतात, पारा ४६-४७ वर गेला म्हणून. अशा वेळी घामातून मीठ जातं, ते भरून काढावं लागतं. निंबाच्या सरबतात साखर टाकतो तशी मिठाची चिमूट टाकायचीच. साखर-मिठाचं पाणी किती जीव वाचवू शकतं हे १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत दाखवून दिलं. मठ्ठ्यात आपण हिरवी मिरची ठेचून टाकतो, सांबार टाकतो. पन्ह्यात कोणी तिखटाची चिमूट टाकतात. मेक्सिकोत बिअरच्या पेल्याच्या कडेला निंबू फिरवून तिखट-मीठ लावतात म्हणे. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती आणि शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून आहे, तेव्हा तो प्रयोग आपण मठ्ठ्याच्या ग्लासावर करावा. मी केला. छान लागतो.

निंबू प्रत्येकाच्या परसात नसतो. रानातल्या माणसाने आंबटपणा रानातूनच घेतला. अंबाडीची पानं, चिंचेचा कोवळा पाला, बोरकूट. बोरकूट म्हणजे वाळलेल्या बोरांची पूड, मीठ-तिखट घालून. ती आमची ताजीनच समजा. गडचिरोलीतले माडिया आणि पलीकडे बस्तरातले आदिवासी झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची चटणी करतात. मुंगीतल्या आम्लाचा तो आंबटपणा, त्यात मिरची आणि मीठ. ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नाकं जरा सरळ झाली असावीत.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते लिहिते.

आमच्यापासून उत्तरेला, नागपूर जिल्ह्यात, भिवापूर आहे. भिवापुरी मिरची रंगासाठी आणि तिखटपणासाठी नावाजलेली. नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वे भिवापूरवरूनच जायची. २०१९ मध्ये ती रुंदीकरणासाठी बंद झाली. हंगामात त्या डब्यांत मिरचीची पोती असत आणि सगळा डबा शिंकत असे. भिवापुरी मिरचीलाही भौगोलिक मानांकन आहे, २०१६ च्या सुमाराला मिळालेलं. पण मानांकन मिळेपर्यंत संकरित वाणांपुढे ती मागे पडली होती, आणि रोगांमुळे शेतकरीही कंटाळले होते.

मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागेला आमच्याकडे सातरा म्हणतात. लांबून बघितलं तर जमिनीवर लाल गालिचा अंथरलाय असं वाटतं, आणि फोटो काढणारे काढतात. जवळ गेलात तर तोंडाला पदर गुंडाळून ओळीने बसलेल्या बाया दिसतील. एकेका मिरचीचा देठ खुडायचा. मजुरी किलोवर. दिवसभर देठ खुडलेल्या हातांनी संध्याकाळी लेकराला जवळ घेता येत नाही, त्याचे डोळे चुरचुरतात. पाण्याने हात धुऊन आग जात नाही हे त्यांना कुठल्या नोबेल पारितोषिकाशिवाय माहीत आहे. त्या हाताला तेल चोळतात.

आणि ज्यांना इथे काम पुरत नाही ते तेलंगणात जातात. आमचा भाग धानाचा. धान निघालं की शेतात काम नसतं. मग जानेवारी-फेब्रुवारीपासून चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गावांतून गाड्या भरून माणसं मिरची तोडायला खम्मम, वरंगलकडे जातात. २०१४ च्या आधी 'आंध्रात जातो' म्हणायचे, आता 'तेलंगणात'. काहींना मजुरी पैशांत मिळते, काहींना मिरचीतच. घरी म्हातारं माणूस असेल तर मुलं मागे राहतात, नाहीतर तीही बरोबर जातात. माझ्या हजेरीपटावर फेब्रुवारीपासून ठरावीक नावांपुढे गैरहजेरी लागायची आणि ती परीक्षेपर्यंत चालायची.

साधारण २००० च्या आसपासची गोष्ट. सातवीला 'युरोपीयांचे आगमन' शिकवत होते. आधी सांगून ठेवलं होतं की मका, मिरची, बटाटा ही पिकं पोर्तुगीजांबरोबर आली. दुसऱ्या दिवशी उजळणी घेताना विचारलं, "मिरची कुठून आली?" पुष्कळ हात वर झाले. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधीच हात वर करत नसे, तिने केला. मी तिलाच उभं केलं. ती म्हणाली, "खम्ममहून, बाई."

वर्ग हसला. ती हसली नाही, कारण ती मागच्या वर्षी स्वतःच जाऊन आली होती. मी वर्गाला गप्प केलं आणि फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहिली. वर 'मेक्सिकोहून, पोर्तुगीजांच्या जहाजातून', आणि खाली 'खम्ममहून, आपल्या आई-वडिलांच्या हातांतून'. परीक्षेत पहिलं लिहा म्हटलं, पण दुसरं विसरू नका.

नंतर पुष्कळदा त्या उत्तराचा विचार केला. आपण इतिहास सांगतो तो कोलंबसाचा, वास्को द गामाचा, राजांच्या मुदपाकखान्यांचा. जहाजं मोजतो, साल पाठ करतो. मिरची शेतातून पोत्यापर्यंत कोणी आणली, त्यांची नावं कुठल्याच काळात कोणी लिहिली नाहीत. आमच्या बाजूची मोजकीच नावं वर्तमानपत्रात आली, तीसुद्धा वाईट कारणाने.

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली तेव्हा तेलंगणात मिरचीची तोडणी सुरू होती. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतले किती तरी मजूर तिथे अडकले. गाड्या बंद, काम बंद. मग लोक जंगलवाटांनी चालत निघाले. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी मिरचीच्या शेतावर गेली होती. ती इतरांबरोबर तीन दिवस चालली, शंभराहून अधिक किलोमीटर. गाव थोड्याच अंतरावर राहिलं असताना १८ एप्रिल २०२० ला ती वाटेतच गेली. बारा वर्षांची, म्हणजे सातवीतली. ती बातमी वाचली त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर माझा वर्ग आला, मागच्या बाकासकट.

मिरची खाणं सोडा असं मी म्हणणार नाही. मीही सोडलेली नाही, आणि ती विकली गेली नाही तर त्यांची मजुरीही जाईल. पण तिखट विकत घेताना मिरची कुठली आहे, हे दुकानदाराला विचारायला काय हरकत आहे? नातवंडांना चिमूटभर तिखट-मीठ देताना मेक्सिकोची गोष्ट सांगा, ती छानच आहे. पाठोपाठ खम्ममचीही सांगा.

परदेशातल्या नातेवाइकांनी बाटलीवर पैसे घालवू नयेत म्हणून घरची कृती देते. एक वाटी जाड मीठ घ्या. त्यावर पाच-सहा रसदार निंबं पिळा. काचेच्या किंवा चिनीमातीच्या पसरट भांड्यातच ठेवा, पितळ-तांब्यात नको, आंबटाने कळकतं. वर पातळ कापड बांधून कडक उन्हात ठेवा. आमच्या मे महिन्यात दोन दिवसांत खडखडीत वाळतं, तुमच्याकडे ऊन नसेल तर ओव्हन अगदी मंद ठेवून वाळवा. सात-आठ सुक्या मिरच्या देठ काढून तव्यावर जराशा गरम करा, काळ्या होऊ देऊ नका. मग मीठ आणि मिरच्या एकत्र वाटून बरणीत भरा. जाम, कैरी, काकडी, टरबूज, भुट्टा, मठ्ठा, सरबत, कशातही चालते. बरणी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, नाहीतर तुम्हालाही 'ही मिठाई नव्हे' अशी चिठ्ठी लावावी लागेल.

तुमच्या गावी शाळेसमोरच्या टोपलीत काय काय असायचं आणि या पुडीला काय म्हणायचे, ते जरूर कळवा. माझ्या वहीत असे शब्द लिहून ठेवते आहे. आतापर्यंत अकरा झाले.